सावंत बाईंनी मांडलेला पट

परवा साताऱ्यात राजवाड्याजवळच्या एका दुकानात भाचीसाठी बुद्धिबळाचा पट घ्यायला गेले होते. सोंगट्या तिच्याकडं होत्या, आजोबांनी दिलेल्या. पट तेवढा हवा होता. दुकानदारानं तीन-चार पट काउंटरवर पसरले. मी रुमालात बांधून नेलेली चार प्यादी काढली आणि पहिल्या पटाच्या एकाच घरात उभी करून बघितली. चौथं मावेना.

"मॅडम, खेळताना एका घरात एकच प्यादं असतंय की," दुकानदार म्हणाला.

"असतंय. पण घर चारांचं लागतं," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडं जरा विचित्र नजरेनं बघितलं. त्याचं काही चुकलं नाही. मला बुद्धिबळ धड खेळताही येत नाही. पट कसा निवडायचा तेवढं येतं, आणि तेही ज्या घरात शिकले तिथं त्या दिवसांत पटावरून काय काय चाललं होतं ते अजून विसरता येत नाही.

मी नोकरीला लागले तेव्हा कुंडलमध्ये सावंत बाईंच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होते. शेजारच्या गावातल्या शाळेत मी मराठी शिकवायची, बाई गणित. जायला-यायला त्यांचीच स्कूटर. बाई अंगानं लहानखुऱ्या, चालणं झपझप, आणि पर्समध्ये कायम सहा इंची स्टीलची पट्टी. बाजारात पातेल्यावरचं झाकण घ्यायचं असलं तरी पातेल्याचं माप घरून घेऊन निघायच्या. "आधी माप, मग मत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शाळेच्या मीटिंगमध्ये कुणी तावातावानं बोलायला लागलं की बाई एवढंच म्हणायच्या, आणि तो गृहस्थ पुढचं वाक्य विसरायचा.

शाळेत त्या पुस्तकातलं मराठी बोलायच्या आणि उंबऱ्याच्या आत आल्या की कुंडलचं. राग आला की मात्र दोन्हीकडं सारखंच व्हायचं, आवाज खाली यायचा. पोरं एकमेकांना सांगायची, बाई ओरडल्या तर घाबरू नको, बाई हळू बोलल्या तर पळ.

एकदा शाळेच्या क्रीडामहोत्सवाला भागातलं एक बडं प्रस्थ पाहुणे म्हणून आलं. साहेबांना बुद्धिबळाचा शौक आहे, असं कुणीतरी सांगितलं. लगेच मांडवातच डाव ठेवला, साहेब विरुद्ध सावंत बाई. मुख्याध्यापक बाईंच्या समोर उभे राहून डोळ्यांनी, भुवयांनी, शेवटी दोन्ही हातांनी 'सोडा, सोडा' अशा खुणा करत होते. बाईंनी त्यांच्याकडं एकदाही बघितलं नाही. चहाचे कप यायच्या आत त्यांनी साहेबांना मात दिली. साहेब कसंबसं हसत म्हणाले, "बाई, पाहुण्याला जिंकू द्यायची पद्धत असते."

"मुद्दाम हरले असते तर तुमचा अपमान झाला असता," बाई शांतपणे म्हणाल्या. "मी तुम्हाला खेळाडू समजले."

बाई खेळायला शिकल्या त्या नवऱ्याकडून. सुभेदार सावंत उंच, ताठ आणि मुळात कमी बोलणारे. लग्नानंतर पहिल्या सुट्टीला येताना त्यांनी अमृतसरच्या बाजारातून लाकडी सोंगट्या आणि त्यांच्या मापाचा पट आणला. पांढरे मोहरे फिक्या पिवळ्या लाकडाचे, काळे शिसवी. बूड रुंद आणि आत शिसं भरलेलं, त्यामुळं राजा हातात घेतला की वजन जाणवायचं. सुट्टी संपली तरी डाव सुरू राहिला. फोनची सोय झाली तेव्हा सुभेदार सरहद्दीवरून फोन करायचे आणि आधी चाल सांगायचे, मग खुशाली विचारायचे. बाई मला हसत सांगायच्या, "तिकडनं एकदा फोन आला, घोडा पुढं घेतलाय म्हणाले आन् लाइन तुटली. माणूस बरा हाय का न्हाई ते आठवडाभर कळलं न्हाई. घोडा तेवढा बरा व्हता."

निवृत्त होऊन सुभेदार घरी आले, उसाच्या शेतीत रमले, पण बोलणं काही वाढलं नाही. बोलायचे ते संध्याकाळी पट मांडल्यावर. पाण्याची पाळी, भावकीतली लग्नं, अर्चनाचं शिक्षण, सगळं दोन चालींच्या मधे ठरायचं. अर्चना ही त्यांची एकुलती एक मुलगी. ती नर्स झाली आणि सांगलीत नोकरीला लागली, तेही एका डावातच ठरलं होतं.

आणि असाच डाव चाललेला असताना तिचा फोन आला. मी तेव्हा बाईंच्या स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. बाईंनी पटावरची नजर न काढता फोन स्पीकरवर टाकला. अर्चना एका दमात म्हणाली, "आई, आबांना सांग. आमी आज सांगलीत लगीन केलं. मी आन् दत्तानं."

दत्ता आटपाडीचा. जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होता, घरी डाळिंबाची बाग आणि वडिलांची मेंढरं. घर धनगराचं. सुभेदारांनी या मुलाचं नाव आधी ऐकलं होतं आणि एका शब्दात विषय मिटवला होता.

ते ओरडले नाहीत. त्यांनी दोन्ही हात पटाखाली घातले आणि पट उलथून टाकला. सोंगट्या चारी कोपऱ्यांत उडाल्या, पट शहाबादी फरशीवर आपटला आणि जोडावर उभा चिरला. फोनमधून अर्चना "आई? आई?" म्हणत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळीचं पाणी घ्यायला गेले तर बंबात त्या पटाचे तुकडे जळत होते.

बाईंनी कपाटाखालून, पोत्यांमागून एकेक सोंगटी वेचून काढली. पांढऱ्या घोड्याचा एक कान तुटला होता. सगळ्या पुसून त्यांनी डब्यात ठेवल्या आणि नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. आवाज इतका खाली की मला दाराशी थांबून ऐकावं लागलं.

"बर्फात ज्या पोरांसंगं एका डब्यातलं खाल्लं, त्यांची जात इचारली व्हती का?"

"ती फौज व्हती," सुभेदार म्हणाले. "हे घर हाय."

त्यानंतर त्या घरात भांड्यांचे आवाज तेवढे उरले. सुभेदार उजाडताच रानात जायचे, जेवायला यायचे, ताटावरून उठले की पुन्हा बाहेर. बाई शाळेत नेहमीसारख्या शिकवायच्या, पण परतताना स्कूटरवर एक शब्द नाही. अर्चनाशी त्या शाळेच्या मैदानाच्या कडेला उभं राहून बोलायच्या. तिथंच एक दिवस बाईंना कळलं की तिला दिवस गेलेत.

त्या रात्री जेवणं झाल्यावर भिंतीपलीकडून बाईंचा आवाज आला. "पयलं बाळंतपण माहेरी आसतंय."

"ह्या घरात न्हाई."

एवढंच. आणि त्याच आठवड्यात शाळेत बाईंनी मला विचारलं, "वैशाली, सांगलीला येतेस? पट घ्यायचाय."

मला कळेना. मुलीचं एवढं चाललेलं, आणि बाईंना खेळ सुचतो कसा? माझा चेहरा बघून त्यांनीच सांगितलं, "आम्ही नुसतं बोलायला बसलो की भांडण होतं. डावाला बसलो की बोलणं होतं. पट असल्याशिवाय हा माणूस माझ्यासमोर बसत नाही आणि बाळंतपणापर्यंत माझ्याकडं दिवस थोडे आहेत."

रुमालात राजा आणि चार प्यादी बांधून त्या निघाल्या. वाटेत मला शिकवत होत्या. आधी सोंगट्या, मग पट. पायाच्या मापानं चप्पल घ्यायची, चपलेसाठी पाय कापायचा नसतो. राजा घरात उभा केला की चारी बाजूंनी थोडी जागा राहिली पाहिजे, फार नाही. चार प्यादी एका घरात टेकून मावली म्हणजे माप बरोबर. मला तो हिशोब पटला, पण गाडीत बसल्यावरही त्यांची मूठ त्या रुमालावर इतकी घट्ट होती की मी विषय बदलला.

सांगलीत त्या दिवशी मोठ्या घरांचा पट मिळालाच नाही. जो त्यातल्या त्यात मोठा होता तो त्यांनी आणला. सुभेदारांनी उभ्या उभ्या राजा-वजीर लावून बघितले आणि म्हणाले, "यस्टीत दाटीवाटीनं बसल्यागत बसल्यात. एक उचलाय गेलं की दुसरं पडंल. न्हाई जमायचं." खरंच होतं ते. बाईंनी पट परत केला.

दुसरा ऑनलाइन मागवला. तो आला चटईएवढा, गुंडाळीचा. सुभेदारांनी सोंगट्या मांडल्या, दोन पावलं मागं झाले आणि म्हणाले, "माळावर मेंढरं सोडल्यागत दिसत्यात."

बोलून गेल्यावर त्यांना कळलं काय बोललो ते. बाईंनी हातातलं प्यादं होतं तसं धरून ठेवलं. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते, आत जाववेना आणि मागंही फिरवेना. सुभेदार टोपी घेऊन बाहेर पडले. बाई पट गुंडाळता गुंडाळता अगदी हळू म्हणाल्या, "मेंढरं राखणाऱ्याचं पोर माझ्या लेकीच्या पोटात हाय. आन् ते ह्यांचंबी हाय."

तिसरा पट मापात बरोबर बसला. मला वाटलं, सुटलो. पण सुभेदारांनी तो ट्यूबलाइटखाली धरला. वर इतकं पॉलिश की उजेड डोळ्यांत जात होता, आणि काळी घरं थेट काळ्या मोहऱ्यांच्याच रंगाची. "घोडा कुठाय दाखव," ते म्हणाले. शिसवी घोडा त्या शिसवी घरात खरोखरच बुडाला होता. "रंगाला रंग लागला की डोळा फसतोय. घे परत."

त्यांचा एकही दोष खोटा नव्हता, आणि तिथंच बाईंची पंचाईत होती. ते भांडण काढत नव्हते, नुसते बसत नव्हते. तिकडं आटपाडीला सासरी गेलेल्या अर्चनाला सातवा संपून आठवा लागला. आटपाडीहून निरोप यायचा की पाय सुजतात, डॉक्टर जपायला सांगतात. बाई फळ्यावर वर्तुळ काढताना मधेच थांबायला लागल्या. वर्गातली पोरं माझ्याकडं येऊन विचारायची, बाईंना काय झालंय?

मग सुभेदारांच्या फौजेतल्या एका दोस्ताच्या मुलीचं लग्न निघालं, म्हसवडला. सुभेदार इस्त्रीचे कपडे घालून निघाले. बाई दारापर्यंत गेल्या, दुसऱ्याच्या लेकीच्या डोक्यावर अक्षता टाकायला निघालेल्या नवऱ्याकडं बघत राहिल्या आणि आत येऊन त्यांनी पदर खोचला.

सोप्यात एक जड सागवानी टेबल होतं. शेवटच्या बदलीच्या गावाहून सुभेदारांनी ते ट्रकमधून आणलं होतं. त्यावर कुणी ओला पेला ठेवलेला त्यांना चालायचा नाही. बाईंनी शाळेतून फळ्यावरची मोठी लाकडी पट्टी आणि कंपास आणला होता. त्या टेबलावर वाकल्या आणि कंपासचं टोक त्यांनी सागवानात रोवलं. माझ्या तोंडातून "बाई!" निघालं.

"धर ती पट्टी," त्या म्हणाल्या. "हलवू नगंस."

राजाच्या बुडाचं माप घेऊन त्यांनी चौसष्ट घरं आखली. वरचं पॉलिश काचकागदानं घासून काढलं. खिडक्यांचा उरलेला फिका निळा आणि गेटचा मातकट हिरवा असे दोन रंग भरले, म्हणजे पांढरे मोहरेही उठून दिसावेत आणि शिसवीही. चमक येऊ नये म्हणून वर काही लावलं नाही.

सुभेदार रविवारी दुपारी परतले. चपला काढता काढता त्यांची नजर टेबलावर गेली. मी उठून जायला लागले तर बाईंनी डोळ्यांनीच बसवलं.

ते टेबलाभोवती फिरले. बोटानं रंग तपासला. डब्यातून राजा काढून एका घरात ठेवला, मान वाकडी करून बघितला. चार प्यादी एका घरात उभी केली. मावली. काळा घोडा हिरव्यावर ठेवला, दारापर्यंत मागं जाऊन बघितला. उजव्या हाताच्या कोपऱ्यातलं घर फिक्या रंगाचं आहे का, तेही पाहिलं. मग त्यांना बघायला काही उरलं नाही.

"टेबल माजं हाय," ते म्हणाले.

"व्हय. आन् आता हे उलथायचं म्हटलं तर चार माणसं बोलवाय लागतील."

मला वाटलं, आता काहीतरी फुटणार. सुभेदारांनी खुर्ची ओढली आणि बसले.

बाईंनी सोंगट्या लावल्या. एक कान तुटलेला घोडा आपल्याकडं घेतला. "मी जिकले तर अर्चना हितं येणार," त्या म्हणाल्या. "तुमी जिकला तर मी परत ह्या घरात तिचं नाव काढणार न्हाई."

"बाई, असं नका हो," मी म्हटलं, पण दोघांनीही ऐकलं नाही.

सुभेदारांचा खेळ चढाईचा, बाईंचा धीराचा. सुरुवातीला सुभेदारांनी असा जोर लावला की बाईंचा राजा कोपऱ्यात कोंडला गेला. बाई एकेक चाल इतका वेळ घेत होत्या की भिंतीवरच्या पंख्याचा आवाज असह्य व्हायला लागला. मला डावातलं फारसं कळत नव्हतं, पण बाईंच्या मानेवरून घाम उतरताना दिसत होता. एक हत्ती गेला. एक उंट गेला. मग हळूहळू बाई सावरल्या. दोघांचं बळ बरोबरीला आलं.

आणि सुभेदारांनी आपला वजीर उचलून बाईंच्या उंटाच्या तोंडात ठेवला.

तेवढं मलाही दिसलं. वजीर फुकट जात होता. सुभेदार मान वर करत नव्हते. बाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"वजीर मागं घ्या."

"चाल झाली."

"मला दिसतंय काय झालंय ते."

"मग मार की."

"मारणार न्हाई." बाईंचा आवाज पार तळाला गेला होता. "तुमी हारून मोकळं व्हणार. आन् उद्या गावात सांगणार, बायकूनं डाव जिकला म्हणून पोरीला घरात घेतली. माझी लेक डावात जिकलेली म्हणून उंबऱ्यात याय नको. आणायची आसंल तर तुमी आणा. तोंडानं म्हणा. न्हाईतर वजीर उचला आन् नीट खेळा. हारले तर हारले."

सुभेदार पटाकडं बघत राहिले. बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर जाऊन आवाज पार विरला. वजिरावर बोट ठेवलं, काढलं. शेवटी ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "कवा आणायची म्हणतीयास?"

बाईंनी फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि त्यांच्या हातात दिला. "तिलाच इचारा."

फोन लागला. सुभेदारांनी फोन तोंडाजवळ धरला. मग म्हणाले, "अर्चना. मी आबा. घरी ये."

पलीकडून अर्चनाचं रडणं ऐकू आलं आणि मग अगदी आईसारखा खाली गेलेला आवाज. "न्हाई आबा. मी यायची न्हाई. हितं आत्याबाईंनी, दत्ताच्या आईनं, माझ्यासाठी सगळं केलंय, त्यांना सोडून आता कशी येऊ? तुमाला यायचं आसंल तर तुमी या."

सुभेदारांनी फोन खाली ठेवला. ते बाईंकडं बघत होते, बाई त्यांच्याकडं. दोघांनी जे ठरवलं होतं, त्यातलं काहीच झालं नव्हतं. बाईंनी डाव मोडला नाही. वर एक धुतलेलं फडकं घातलं आणि भाकरी करायला उठल्या.

ते दोघं आटपाडीला जाणार कधी, हे ठरायच्या आतच अर्चनाला कळा सुरू झाल्या. दिवस भरायला अवकाश होता. आटपाडीच्या डॉक्टरांनी सांगलीला न्यायला सांगितलं. सकाळीच फोन आला. आम्ही कुंडलहून गाडी करून निघालो. वाटभर सुभेदार पुढं ताठ बसले होते. माझी साताऱ्याला बदली झाली होती आणि मला त्याच दिवशी निघायचं होतं, म्हणून माझी बॅगही गाडीतच होती.

मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, हा फोन मला कराडला बस थांबली तेव्हा आला. दवाखान्यात त्या क्षणी कोण हसलं, कोण रडलं, ते मी पाहिलं नाही. बाईंना मी शेवटचं पाहिलं ते त्याच्या आधी, दवाखान्यात. पुढं फोन होत राहिले, भेट झाली नाही. बाई निवृत्त झाल्या आणि आता बहुतेक लेकीकडंच असतात.

प्रसूतीच्या खोलीबाहेर एक लांब बाक होता. दत्ताची आई आत होती. बाकाच्या एका टोकाला दत्ता बसला होता, काळासावळा, हडकुळा, दोन्ही तळवे गुडघ्यांत दाबून. दुसऱ्या टोकाला सुभेदार. मधे बाई. सासरा आणि जावई पहिल्यांदाच समोरासमोर आले होते, आणि कुणी कुणाकडं बघत नव्हतं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. बाळाचे ठोके कमी-जास्त होताहेत, थोडा वेळ बघू, नाहीतर ऑपरेशन करावं लागेल, असं म्हणाल्या. दत्तानं ऑपरेशनच्या कागदावर सही केली आणि पेन त्याच्या हातातून निसटून खाली पडलं. ते सुभेदारांच्या बुटापाशी जाऊन थांबलं. सुभेदारांनी ते उचललं. धरून बसले.

बाई उठल्या. लेकीच्या दारापासून हलायला त्या तयार नव्हत्या, हे मला सकाळपासून दिसत होतं. तरी त्या बाकावरची मधली जागा रिकामी ठेवून उठल्या आणि पार टोकाच्या खिडकीशी जाऊन, पाठ करून उभ्या राहिल्या. मी त्यांच्या शेजारी गेले. खाली रस्त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं. खिडकीच्या गजावर त्यांची बोटं पांढरी पडली होती.

मागून सुभेदारांचा आवाज आला.

"सकाळधरनं काय खाल्लंस का, रं?"

"न्हाई."

बाक करकरला. कुणीतरी सरकलं होतं. कोण, ते बघायला मी मान वळवणार, तोच बाईंनी माझं मनगट पकडलं.

"मागं बघू नगंस," त्या म्हणाल्या, आणि स्वतः डोळे मिटून घेतले.